'पफर सेट'मधला सदोष हायड्रोमीटर, चुकीचं सूचनापत्रक आणि भलताच मासा : तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : १०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या 'पफर सेट'बाबत तक्रार

महोदय,

आपल्याकडून घेतलेला सेट (पफर म्हणजे फुगणारा समुद्री मासा, त्याचा टँक आणि सामान) नाशिकमध्ये वेळेवर पोहोचला, काचही शाबूत होती. तक्रार आतल्या वस्तूंची आहे.

पहिली आणि मोठी तक्रार हायड्रोमीटरची, म्हणजे पाण्याच्या घनतेवरून खारेपणा काट्यावर दाखवणाऱ्या उपकरणाची. पत्रकात लिहिलंय, काटा १.०२५ वर येईपर्यंत मीठ घाला. टँकमध्ये ९० लिटर आरओचं पाणी होतं. लिटरला साधारण ३८ ग्रॅम या हिशेबाने ३.४ किलो मरीन सॉल्ट पुरायला हवं होतं. काटा मात्र ४ किलो संपल्यावर जागेवर आला. काट्याला बुडबुडे चिकटले तर रीडिंग जास्त दिसतं, कमी नाही, म्हणून तो दोष इथे लागू होत नाही. तरीही काटा रात्रभर भिजवून, बुडबुडे झटकून पुन्हा पाहिलं, फरक शून्य. मग ३६.५ ग्रॅम आयोडीन नसलेलं शुद्ध मीठ ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवलं. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वाकतो यावरून खारेपणा मोजणारं उपकरण) ३५ पीपीटी, म्हणजे हजारात ३५ भाग, दाखवतं आणि हायड्रोमीटरवर १.०२६ च्या आसपास यायला हवं. आपला काटा १.०२० वर थांबला. याच द्रावणावर सेट केलेल्या रिफ्रॅक्टोमीटरने टँकचं पाणी ४१ पीपीटी दाखवलं. ते ३५ वर आणायला १३ लिटर खारं पाणी काढून तेवढंच आरओचं पाणी घालावं लागलं, तेही तीन दिवसांत थोडं थोडं. फोनवर आपल्या प्रतिनिधीने 'काटा बरोबरच असतो' असं सांगितलं. फोटो सोबत आहेत, त्यांनी स्वतः बघावेत.

दुसरी तक्रार पत्रकाची. 'पिशवी उघडून तीन तास थेंब थेंब पाणी सोडा' ही सूचना कुरिअरने आलेल्या माशाला घातक आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली गेलेला असतो, म्हणून साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगवून तापमान जुळवायचं आणि मासा लगेच हलवायचा, पिशवीतलं पाणी टँकमध्ये न ओतता. पण त्यासाठी टँकचा खारेपणा आधीच पिशवीइतका ठेवावा लागतो, आणि आपण पिशवीवर तो आकडाच लिहीत नाही!

'जाळीने उचला' हेही खोडा. पफर पाण्याबाहेर घाबरून फुगला की पोटात हवा जाते, ती सहज सुटत नाही आणि मासा उलटा तरंगत राहतो. त्याला पाण्याखालीच मगात घ्यायचं. 'पाणी भरा, त्याच दिवशी मासा सोडा' हे तर कहरच. टँकची सायकल (अमोनिया पचवणारे जिवाणू वाढणं) व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि फक्त पेलेट्स (तयार खाद्याच्या गोळ्या) कशा चालतील? त्याच्या चोचीतले चार दात आयुष्यभर वाढतात, ते झिजायला कवचासकट कोळंबी, तिसऱ्या (शिंपले) असलं कडक खाणं लागतं. सेटमधलं तांब्याचं औषध पफरला सोसत नाही, ती बाटली परत पाठवतो आहोत.

तिसरी तक्रार माशाची. ऑर्डर वॅलेंटिनी पफरची होती, तो जेमतेम ११ सेंमी होतो. आला आहे कुत्र्यासारख्या तोंडाचा, अंगावर काळे ठिपके असलेला डॉगफेस, जो ३३ सेंमीपर्यंत वाढतो. वॅलेंटिनीच्या पाठीवरचे चार गडद पट्टे याच्यावर कुठेही नाहीत. शंभर लिटरमध्ये तो आज मावतो, पुढे मावणार नाही.

मागण्या : हायड्रोमीटरचे व औषधाचे पैसे परत, जास्त गेलेल्या ६०० ग्रॅम मिठाची भरपाई, पत्रकात दुरुस्ती, आणि डॉगफेस परत घेण्याची व्यवस्था. मात्र नाशिकच्या थंडीत तो पुन्हा कुरिअरने पाठवायला आम्ही तयार नाही, नेण्यासाठी माणूस पाठवावा. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार नाशिकच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करू.

आपले,
ग्राहक, नाशिक

सोबत : बिलाची प्रत, द्रावणातल्या काट्याचे व माशाचे फोटो