वाढावा

प्रिय बाळ्या,

चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. फोन तूही केला नाहीस, पण भांडणात चूक माझी होती, तेव्हा आधी मीच लिहायला हवं होतं. आईचा गुडघा तसाच आहे, माझी शुगर आटोक्यात. आता ऐक.

सोमवारी संध्याकाळी वरच्या वस्तीवरची आक्का दूध संकलन केंद्रावर आली. तिची ती एकच गाय, तीही आटत आलेली. बरोबर सातवीतली नात होती. पोरीने गणिताची वही माझ्यासमोर उघडली आणि म्हणाली, "काका, काट्यावर 1.68 दिसतं आणि पावतीवर 1.6 येतं. मधलं दूध कुठं जातं?" महिनाभर दोन्ही वेळचे आकडे तिने लिहून ठेवले होते. कधी 20 मिली गेलेले, कधी 90. बेरीज 3 लिटरच्या वर. मी ती बेरीज दोनदा तपासली, चूक सापडेल या आशेने. सापडली नाही. आक्का काहीच बोलली नाही. पोरीला म्हणाली, "चल, काका कामात आहेत." बाळ्या, तिने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तू पहिल्याच वर्षी म्हणाला होतास, "दत्त्या, ही चोरी आहे." मी म्हणालो, दूध सांडतं, कॅनला चिकटतं, सॅम्पलला जातं, मग घट भरायची कुणी? तू म्हणालास, घट किती ते मोजू आणि सगळ्यांसमोर सांगू. मी तुला हिशोबी म्हणालो, तू मला सावकार म्हणालास, आणि तात्यांनी दोघांना चहा पाजून गप्प केलं. तसं दुधातलं पाणी ओळखायचं लॅक्टोमीटर तू फोडलास तेव्हा दोष बिचाऱ्या मांजरावर ढकलण्यात आपली एकी होती! तात्या त्या मांजराला दोन दिवस ओट्यावर फिरकू देत नव्हते, आठवतं?

पोरगी गेल्यावर रात्री मी बसून आकडा मांडला. 140 खाती, दोन वेळचं माप, एका मापाला सरासरी 45 मिली. रोजचे साडेबारा लिटर होतात. तीस रुपये भाव धरला तरी वर्षाला सव्वा लाखाच्या वर. त्यातून लाइटबिल गेलं, गणपतीची वर्गणी गेली. माझ्या मोटरसायकलचे शेवटचे सात हप्तेही त्यातूनच गेले. हे घरात कुणाला माहीत नाही. तुला पहिल्यांदा सांगतोय.

काटा खोटा नव्हता. वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षी बसतो, माप बरोबर दाखवतो. खोटं होतं ते आमच्या लिहिण्यात. आणि आपण त्याला नाव किती छान दिलं होतं, वाढावा! जणू दूध टाकीत आपोआप वाढतं.

याचं पुढे काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. केंद्र मापातला शेवटचा आकडा खातं हे लोकांना कधीच कळलं होतं. "तुम्ही काट्यात मारता, आम्ही पाण्यात मारतो," असं एकाने मला तोंडावर ऐकवलं. नुसतं पाणी घातलं तर एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, 8.5 टक्क्यांवरून घसरतो आणि मशिन लगेच दाखवतं. म्हणून तो आकडा टिकवायला कुणीतरी पाण्याबरोबर युरिया घालायला लागलं. आमच्या मशिनवर दूध पास व्हायचं. श्रावणात डेअरीच्या लॅबमध्ये टँकरचं सॅम्पल युरियाच्या चाचणीत पिवळं पडलं आणि आमची टाकी परत आली. 1,100 लिटर. ओढ्यात ओतलं तेव्हा पाणी पार पुलापर्यंत पांढरं झालं होतं. त्यात आक्काचंही दूध होतं, स्वच्छ, कासेतून आलं तसं. तिचेही त्या दिवसाचे पैसे बुडाले. आणि ते दूध पास झालं असतं तर कुठल्या लेकराच्या पोटात गेलं असतं, हा विचार तेव्हा मला शिवलाही नाही. मी फक्त पाणी घालणाऱ्याला शोधत होतो. गावभर त्याला शिव्या घातल्या. सुरुवात आपल्या टेबलावरून झाली हे कबूल करायला मला ती पोरगी यावी लागली.

मंगळवारपासून पावतीवर पूर्ण आकडा छापतोय, 10 मिलीपर्यंत. घट खरी किती येते तेही फळ्यावर लिहितो. सहा दिवसांत रोज दीड लिटरच्या आत आली. म्हणजे तू मोजू म्हणत होतास ती घट एवढीच! अध्यक्ष चिडलेत. म्हणतात, पुढचं सुधार, मागचं उकरू नकोस, लोक केंद्र बंद पाडतील. तेही खरं असेल. बंद पडलं तर आक्काने दूध घालायचं कुठं? पण मागचं न सांगता आकडे बदलले तर लोक मला प्रामाणिक म्हणतील. ते मला ऐकवणार नाही.

वहिनींचं ऑपरेशन झाल्याचं सरांकडून कळलं. मी यायला हवं होतं. बारक्याला चाकणला चिकटवलंस हे बरं केलंस, रात्रपाळी झेपते ना त्याला?

वार्षिक सभा 28 तारखेला आहे. पहिल्या तीन महिन्यांत तू रोजचा वाढावा एका निळ्या वहीत लिहायचास. जाताना ती घेऊन गेलास म्हणून मी तुझ्यावर केवढा तापलो होतो. आमची जुनी रजिस्टरं पावतीच्या आकड्यांची, त्यांत काही दिसत नाही. ती वही अजून असेल तर पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये.

तुझा,
दत्त्या