संक्रांतीला तुम्हीच इकडे या

सिएम रीप, कंबोडिया

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "अजून किती दिवस दगड बघत फिरणार आहेस?" त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येईना, म्हणून हे पत्र. मी संक्रांतीला ग्वाल्हेरला येत नाहीये. तुम्ही दोघं इकडे यावं असं मला वाटतं. आई, लगेच डोळे पुसायला लागू नकोस, आधी पुढचं वाच.

बाबा, तुमच्यासाठी तर इथे भांडणच तयार आहे. फ्नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात जुन्या ख्मेर भाषेतला एक शिलालेख आहे, मेकाँग नदीकाठच्या सांबोरचा. त्यात काळ लिहिलाय: शके ६०५, वद्य पंचमी. हो, तुमच्या पंचांगातलाच शक. सहा आणि पाच यांच्या मध्ये एक ठसठशीत टिंब आहे, तेच शून्य. म्हणजे इसवी सन ६८३. सेदेस नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९३१ मध्ये त्याचं महत्त्व जगापुढे मांडलं. पुढे ख्मेर रूज या इथल्या जुलमी राजवटीच्या धामधुमीत तो दगड कुठे गेला ते कुणाला धड सांगता येत नव्हतं, आणि २०१३ मध्ये तो अंगकोरच्या एका गोदामात सापडला.

आता आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढावरचं चतुर्भुज मंदिर आठवा. तिथला लेख विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे ८७६ सालचा. तुम्ही दरवर्षी दहावीची पोरं तिथे न्यायचात. देवाच्या फुलबागेसाठी १८७ हात बाय २७० हात जमीन आणि रोज ५० माळा, हे बोट दाखवून सांगायचात आणि वर ठासून म्हणायचात, "जगातलं सगळ्यात जुनं लिहिलेलं शून्य!" तर मास्तर, १९३ वर्षांनी मागे पडलात. तुम्ही काय म्हणणार तेही मला पाठ आहे. टिंब ते टिंब, आपलं शून्य कसं गोल, आजच्यासारखं! आणि शकच जर आपल्याकडचा, तर आकडे काय तिकडे आपोआप उगवले? मुद्दा बरोबरच आहे. पण तो त्या दगडासमोर उभं राहून मांडा ना. इथे मला वाद घालायला कुणी मिळत नाही.

आई, तुला अंगकोर वाटचं देऊळ बघायचंय. आपल्या किल्ल्यावरचं सहस्रबाहू मंदिर १०९३ चं, आणि अंगकोर वाट बांधणारा दुसरा सूर्यवर्मन राजा १११३ मध्ये गादीवर आला. दोन्ही देवळं विष्णूची, मध्ये जेमतेम एका पिढीचं अंतर. मात्र इथलं देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि भोवतीचा खंदक जवळजवळ १९० मीटर रुंद. बाहेरच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर पोथीच उघडून ठेवल्यासारखं कोरीव काम आहे. पश्चिमेला एका बाजूला कुरुक्षेत्र, त्यात शरपंजरी भीष्म. दुसऱ्या बाजूला लंकेचं युद्ध. पूर्वेला समुद्रमंथन, जवळपास ४९ मीटर लांब. मध्ये विष्णू, दोन्हीकडे वासुकीला धरून ओढणारे देव आणि असुर, आणि देवांच्या रांगेच्या टोकाला शेपटी धरून चक्क एक वानर! त्याला इथे हनुमान म्हणतात. आपल्या कथेत मारुतीराय मंथनाला कधी गेले होते? हे तूच मला सांग. मी तिथे गेले की गाइड लोकांचं इंग्रजी ऐकत बसते आणि वाटतं, याच्यापेक्षा आई किती छान सांगेल.

गुडघ्यांचाही विचार केलाय. जॉर्डनमधल्या पेट्राला तुम्हाला बोलावलं नाही ते याचसाठी. तिथल्या मठापर्यंत आठशेच्या वर पायऱ्या आहेत. जावातलं बोरोबुदुर मला फार आवडलं, पण तिथेही सगळा चढच. अंगकोर वाटच्या ओवऱ्या थोड्याच पायऱ्यांवर आहेत, आणि मधल्या शिखराकडे जाणारा जिना अगदी उभा आहे, तो आपण सोडून द्यायचा. बांते स्रेइ मात्र नक्की. छोटंसं, गुलाबी दगडाचं, ९६७ मधलं शिवाचं देऊळ. कैलास हलवणारा रावण तिथे इतका बारीक कोरलाय की मी अर्धा दिवस तिथेच होते. ता प्रोमच्या देवळात झाडांनी भिंती गिळल्यात, आणि तिथे आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्यानेही डागडुजी केली आहे. बाबा, हे वाचून तुमची छाती फुगणार.

तीन दिवसांचा पास ६२ डॉलरचा आहे आणि तो सलग वापरावा लागत नाही, दहा दिवसांत कधीही चालतो. म्हणजे एक दिवस देवळं, एक दिवस नुसता आराम. फिरायला मोटारसायकलला जोडलेली गाडी मिळते, आपल्या टमटमपेक्षा ऐसपैस. मी इथे महिन्याच्या भाड्याने खोली घेतलीये. असं एकाच जागी राहिलं की खर्च बराच उतरतो, ऑफिसचं कामही होतं, आणि हो, स्वयंपाकघर आहे. वरण-भात मी करीन. मासे खाणाऱ्यांचा देश आहे, पण तुमच्यावर कुणी बळजबरी करणार नाही.

जानेवारीत इथे पाऊस नसतो आणि ऊनही सोसण्यासारखं असतं. एप्रिलमध्ये मात्र ग्वाल्हेरच्या आपल्या लश्कर भागातल्या उन्हाळ्याची आठवण येईल, तेव्हा पुढे ढकलू नका. ग्वाल्हेरहून दिल्ली, दिल्लीहून बँकॉक आणि तिथून सिएम रीपचं विमान. ई-व्हिसा मी इथूनच भरते. फक्त आईच्या पासपोर्टची मुदत बघा. प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी शिल्लक हवी. कमी असेल तर या आठवड्यातच नूतनीकरणाचा अर्ज टाका, आणि दोघांच्या पहिल्या पानांचे फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवा.

तिळगूळ घरचाच आणा. आणि बाड्यावरच्या बाजारातून गजक, ती तिळाची खुसखुशीत मिठाई, दोन डबे. एक आपल्याला, एक माझ्या घरमालकीणबाईंना. मी त्यांना फार आशा लावून ठेवलीये.

तुमची,
धाकटी