काकूंचा डबा आणि बिअर गार्डन

म्युनिक, २६ एप्रिल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तिकिटं झाली, जूनमध्ये तुम्ही सगळे येताय, हे वाचून घरात उत्साह संचारलाय. आता तुझ्या मुख्य तक्रारीकडे वळतो. मी पाठवलेल्या कार्यक्रमात पहिल्याच संध्याकाळी ‘बिअर गार्डन’ दिसलं आणि वहिनींनी कपाळाला हात लावला म्हणे. ‘आई माळकरी, तिला काय गुत्त्यात नेऊन बसवणार का?’ हा तुझा प्रश्न. रास्त आहे. आपल्याकडे पाटीवर बिअर हा शब्द दिसला की पुढे काळ्या काचा आणि आत अंधार हे ठरलेलं. बाहेर पडणारा माणूस आधी रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही ना, ते बघतो.

तरीही माझा हट्ट आहे की काकूंना आधी तिथेच न्यायचं. कारण सांगतो, आणि त्यासाठी जरा इतिहासात शिरावं लागेल. तुला कंटाळा येत नाही हे गृहीत धरतो.

बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या प्रांतात आहे तिथे, १५३९ सालापासून उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढाच हंगाम. इथल्या बिअरला आंबायला थंडी लागते, आणि उन्हाळ्यात भट्ट्या पेटवल्या की आगी लागायच्या. मग उन्हाळ्याचा साठा टिकवायचा कसा? तर दारूभट्टीवाल्यांनी गावाबाहेर, इझार नदीच्या काठच्या उंचवट्यांत तळघरं खोदली, त्यात हिवाळ्यातला बर्फ भरला, वर बारीक खडी पसरली आणि चेस्टनटची झाडं लावली. ही झाडं हुशारीने निवडलेली: पानं पंजाएवढी रुंद, सावली दाट आणि मुळं उथळ, म्हणजे खालच्या कमानीला धोका नाही. सावलीत थंडगार बिअर मिळतेय म्हटल्यावर लोक तिथेच बाकं टाकून बसू लागले. गावातल्या खाणावळवाल्यांची गिऱ्हाइकं पळाली, त्यांनी राजाकडे गाऱ्हाणं नेलं.

राजा मॅक्सिमिलियन पहिला याने ४ जानेवारी १८१२ रोजी तोडगा काढला. जून ते सप्टेंबर तळघरवाल्यांनी बिअर विकावी, सोबत पाव द्यावा, पण दुसरं काही खायला घालायचं नाही. लोकांनी काय केलं असेल? घरून डबे आणले! पुढे जेवण विकायची बंदी उठली. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतयंत्रामुळे तळघरांची गरजही संपली. झाडं राहिली, खडी राहिली आणि डबे राहिले.

माझ्या मते सगळी मेख या डब्यात आहे. बिअर काय, कुठेही मिळते. लंडनच्या पबमागच्या अंगणातली चार टेबलं असोत की पुण्याच्या गच्चीवरचे दिवे लावलेले कोपरे, सगळ्यांना बिअर गार्डनच म्हणतात. पण इथल्या जुन्या माणसाला विचारलंस तर तो दोनच गोष्टी बघेल. डोक्यावर झाडं हवीत आणि स्वतःचं जेवण आणायची मुभा हवी. बव्हेरिया सरकारच्या १९९९ च्या नियमावलीतही याच दोन खुणा आहेत. आपल्याकडे ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत’ ही पाटी गल्ल्यामागे देवाच्या फोटोशेजारी असते. इथे बाहेरचं आणू दिलं नाही तर ती बागच खरी धरत नाहीत.

ती नियमावली निघाली तीही भांडणातून. शहराच्या दक्षिणेला वाल्डविर्टशाफ्ट नावाची जुनी बाग आहे. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, कोर्टाने रात्री साडेनऊलाच बंद करायला लावलं. १२ मे १९९५ रोजी म्युनिकमध्ये हजारो लोक मोर्चा काढून रस्त्यावर उतरले. त्या मोर्चाला इथे ‘बिअर गार्डन क्रांती’ म्हणतात, हसू नकोस. आता या बागा रात्री अकरापर्यंत चालतात.

आपण हिर्शगार्टनला जाऊ. आठ हजार माणसं बसतील एवढी जागा आणि कुंपणापलीकडे खरीखुरी हरणं, त्यामुळे चिंटूची सोय झाली. मुलांना खेळायला जागा आहे. टेबलावर कापड घातलेलं असेल तर तिथे वेटर येतो आणि तिथे घरचा डबा उघडायचा नाही, एवढं लक्षात ठेव. आपण उघड्या लाकडी बाकांवर बसायचं. मग फळीवरून लिटरचा काचेचा मग स्वतः उचलायचा, हौदावर स्वतःच विसळायचा आणि रांगेत उभं राहायचं. पेय मात्र तिथलंच घ्यावं लागतं. काकूंना सफरचंदाचा रस सोड्यात घालून देतात तो घेऊ, काकांचं काय ते काका ठरवतील.

जागा नसेल तर अनोळखी माणसांच्या टेबलाशी जाऊन ‘इथे रिकामं आहे का?’ विचारायचं आणि बसायचं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारी एक आजी-आजोबा बसले होते. त्यांनी टोपलीतून चौकड्यांचं कापड काढून अंथरलं, लाकडी पाटी ठेवली आणि आजींनी एक पांढरा मुळा घेऊन तो असा सलग गोल चिरत नेला की उचलल्यावर स्प्रिंगसारखा लांबला. मग चकत्यांच्या मधे मीठ भुरभुरवून तसाच ठेवला. पाच-दहा मिनिटांत त्याला पाणी सुटलं, तिखटपणा उतरला. आम्ही पुढे केलेली शेंगदाण्याची चटणी आजोबांनी पावाला लावून खाल्ली आणि डबा बराच वेळ परत केला नाही. मुळा बघून काकू कोशिंबिरीचा विषय काढणार, मी पैज लावतो.

काकूंसाठी दोन पथ्यं. ओबात्झ्दा म्हणून चीज, लोणी, कांदा आणि लाल तिखटाचं एक मिश्रण मिळतं, दिसायला निरुपद्रवी, पण त्यात बऱ्याचदा बिअरचा शिपका असतो. आणि ब्रेत्झल म्हणजे इथला वेटोळ्याच्या आकाराचा खारा पाव, त्याच्या पिठात काही बेकरीवाले डुकराची चरबी घालतात, तेव्हा विचारल्याशिवाय नको. एकादशी आली तरी अडत नाही, साबुदाण्याची खिचडी डब्यातून नेऊ. कुणी वळूनसुद्धा बघणार नाही; बघितलंच तर चव मागेल.

वहिनींना सांग, इथे ऑफिस सुटल्यावर लोक पोराबाळांसह, सासूसासऱ्यांसह जातात. चांगलं ऊन पडलं की ‘आज बिअर गार्डनची हवा आहे’ असं म्हणतात, आणि दुपारनंतर कुणाचं कामात लक्ष नसतं. पिऊन गोंधळ घालणारे भेटतच नाहीत असं म्हणणार नाही, लिटरभर मगाचा परिणाम होतोच. पण पोरंसोरं असतात त्या भागात सहसा शांतता असते.

सामानाचं: भाजणी, चिवडा, चटण्या, गोडा मसाला आण. पेढे, तूप, खवा अजिबात नको. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणू देत नाहीत, विमानतळावर काढून घेतील आणि काकूंचा जीव तुटेल. जूनमध्ये सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, पण त्यानंतर गारठा येतो, तेव्हा प्रत्येकाला एक स्वेटर हातातल्या बॅगेत हवाच. साबुदाणा इथे बरा मिळत नाही, दोन किलो टाक.

काका-काकूंना नमस्कार, चिंटूला गोड पापा.

तुझा,
मिलिंद