थँक्यू काका, वारा बघायला शिकवलंत

काका,

तोंडावर आभार मानले की तुम्ही 'बरं बरं, चहा घे' म्हणून विषय बदलता, म्हणून हे इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आता पळून दाखवा.

एअरफोर्समधून रिटायर झालेला हेलिकॉप्टर पायलट आपल्याच सोसायटीत राहतो आणि पाठीवर कॅमेरा टाकून स्पितीपासून कच्छपर्यंत भटकतो हे मला माहीत होतं, पण मी नवीन कॅमेरा घेऊन पक्ष्यांचे फोटो काढायला भिगवणला निघाले तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझी बॅगच उघडायला लावलीत! ट्रायपॉड, फ्लॅश, तीन लेन्स, सगळं बाहेर. मला जाम राग आला होता खरं सांगते. मग गाडीत तुम्ही सियाचीनचं सांगितलंत, हवा इतकी विरळ की चीता हेलिकॉप्टरमध्ये किलोकिलोचा हिशोब, रॉकेलचा एक कॅन जास्त की कमी यावर वाद, आणि खाली जे दिसायचं त्याचा फोटो काढायला हातात काहीच नसायचं. एवढंच बोललात, पुढे सोलापूर रोडभर गप्प.

तिथे उजनी धरणाच्या बॅकवॉटरला होडीत बसल्यावर मी सेटिंग्ज विचारत होते आणि तुम्ही म्हणालात आधी ते पाणकणीस बघ कुठे झुकलंय, आपला वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक तोच. पक्षी पण विमानासारखाच वाऱ्याकडे तोंड करून टेकऑफ घेतो, म्हणजे वारा आपल्या पाठीवर असला की तो समोरून आपल्याकडे येणार, नाहीतर आयुष्यभर शेपट्यांचे फोटो काढ. (माझ्याकडे तेव्हा दोनशे शेपट्या होत्या, अजून आहेत.)

होडीवाले दादा म्हणाले जवळ नेतो, उडवतो, सगळे तसंच करतात. तुम्ही इंजिनच बंद करायला लावलंत. 'खाताहेत ते, खाऊ दे.' पाऊण तास नुसतं बसून राहिलो, पाय आखडले, आणि मग एक मार्श हॅरियर (शिकारी पक्षी) आला न् पट्टकादंबांचा (डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस) अख्खा थवा समोरून उठला, शटर 1/2000 सेकंदावर तुम्ही आधीच लावून ठेवलं होतं. तेव्हा हळूच म्हणालात की हे लडाखकडून, त्याच्याही पलीकडून हिमालय ओलांडून येतात, सात हजार मीटरच्या वर उडताना यांची नोंद आहे, आम्हाला तिथे ऑक्सिजन लागायचा, आणि हे बघ.

तुम्ही स्वतः एकही फोटो काढला नाहीत त्या दिवशी. मला ते घरी आल्यावर कळलं.

तर काका, त्या फ्रेमसाठी, त्या पाऊण तासासाठी आणि तुमची मोठी लेन्स तीन महिने माझ्याकडे पडलीय त्यासाठी मनापासून थँक्यू. रविवारी परत द्यायला येते, काकूंना सांगा पोहे नकोत, उकडपेंडी करा.