गुजरीतल्या दादांना, पंखा बंद केल्याबद्दल

प्रिय दादा,

काल रात्री पावणेबाराला माझ्या छोट्या विमानाची शेवटची तार बसली, तुम्ही घडवलेली. चिमटा खाली ठेवला, चष्मा काढला आणि पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. आतून बायकोचा आवाज आला, "झालं का तुमचं इमान एकदाचं?" झालं. तेव्हाच तुम्हाला लिहायला घेणार होतो, पण हात थरथरत होते. वयानं नव्हे, चार तास श्वास धरून धरून. म्हणून आज सकाळी चहा व्हायच्या आत बसलोय. तुम्ही मराठी झकास बोलता, पण वाचायला अडतं असं तुम्हीच म्हणाला होता. तेव्हा हे पत्र तुमची लेक वाचून दाखवेल. तिला म्हणावं, सावकाश वाच, काका जरा पाल्हाळ लावतात.

तुम्हा सोनारांपर्यंत यायच्या आधी मी तीन महिने कोल्हापूरभर हिंडलो, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. काय सांगणार? माझ्याकडं एका जुन्या लढाऊ विमानाची छोटी प्रतिकृती जोडायचं प्लास्टिकचं किट होतं. एस. ई. ५ ए, पहिल्या महायुद्धातलं, दोन मजली पंखांचं. किटमधले मोठे भाग चांगले असतात. बारीक कामाची मात्र बोंब. पंखांमधल्या तारा तर देतच नाहीत. आणि वरच्या पंखावरची बंदूक ज्या वाकड्या रुळावरून वैमानिकाकडं खाली सरकते, तो रूळ म्हणजे मुसळ. हे सगळं हातानं घडवायचं, यालाच आमच्यात स्क्रॅच बिल्डिंग म्हणतात. म्हणजे किटवाल्यानं जे टाळलं ते आपण आपल्या डोळ्यांची वाट लावून करायचं.

मी सगळं करून पाहिलं होतं. किटच्या सांगाड्याची काडी मेणबत्तीवर धरून ओढली की प्लास्टिकचा केसासारखा धागा निघतो. तो लावला, पण जरा धक्का लागला की झोळ. मासे धरायची नायलॉनची दोरी लावली, तिनं पंखच ओढून वाकडे केले. मुलीच्या कंगव्यातला केससुद्धा लावून पाहिला. तो उन्हाळ्यात ठीक आणि पावसाळी हवा पडली की सैल.

मग बाहेर पडलो. एका ठिकाणी थ्री-डी प्रिंट करून देतो म्हणून पाचशे रुपये आगाऊ घेतले. तीन आठवड्यांनी हातात जे पडलं त्याला तार म्हणत नाहीत, शेवई म्हणतात. एका पेढीवर सांगितलं, दहा ग्रॅमच्या खाली आम्ही हात घालत नाही. आणि एका वर्कशॉपमध्ये मालकानं सगळ्या पोरांना बोलावून माझं विमान दाखवलं. हसले. हसण्याचं मला काही नाही, अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या खेळण्यातलं विमान छातीशी धरून आला तर माणसं हसणारच. पण त्यातल्या एकानं ते भाजीची जुडी उचलावी तसं उचललं आणि दोन पंखांमधला एक खांब मोडला. वर म्हणतो कसा, "फेविक्विक लावा की काका."

शंभर वर्षांपूर्वी याच गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला होता. ही गोष्ट आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. आज कुणी अर्धवट कॅमेरा घेऊन दारात आला तर आपण म्हणणार, रेडिमेड घ्या की राव. असो. सकाळी सकाळी तोंड कडू करत नाही.

तर मे महिना, दुपारचे तीन. तुमचा तो लाकडी जिना चढून वर आलो. बुटक्या पाटाभोवती तुम्ही चौघं मांडी घालून बसलेले, कोल्हापुरी साजाची पानं जुळवणं चाललेलं; मासा, कासव, बेलपान, सगळी एका थाळीत. वर एकच पंखा, तोही कुरकुरणारा. मी घामानं निथळत होतो. विमान पेढ्यांच्या खोक्यात कापसावर ठेवलं होतं. टोपण काढणार, एवढ्यात तुम्ही हात वर केलात.

"थांबा की, दादा."

उठलात. भिंतीपर्यंत गेलात आणि पंख्याचं बटण बंद केलंत. परत येऊन बसलात. "हां, आता काढा."

एवढंच, दादा. हे पत्र एवढ्यासाठीच आहे.

सोनाराच्या खोलीत पंखा का बंद करतात ते मला ठाऊक आहे. कीस उडतो, फुंकणीची ज्योत हलते. पण ते सोन्याचांदीसाठी. माझ्या खोक्यात काय आहे हे तुम्हाला कुठं माहीत होतं? तुम्ही फक्त पाहिलंत की या माणसानं खोका दोन्ही हातांनी धरलाय. त्या दुपारच्या उकाड्यात बाकीचे तिघंही काही बोलले नाहीत. एकानं खांद्यावरच्या टॉवेलनं मान पुसली आणि स्वतःची थाळी थोडी मागं ओढून मला जागा केली. दोन तास पंखा बंद होता. मी मधे दोनदा म्हणालो, लावा आता. तुम्ही ऐकलंसुद्धा नाही.

"हे कशाला पाहिजे?" हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. तुम्ही विचारलंत, "खरं केवढं असतंय?" मी म्हणालो, खऱ्याचे पंख ८.११ मीटर, हे बहात्तर पटीनं लहान, म्हणून सव्वाअकरा सेंटिमीटर. सहा फुटांचा एक इंच होतो. तुम्ही क्षणभर छताकडं बघितलंत आणि म्हणालात, भरीचे शहाण्णव रती, म्हणजे हे रतीपेक्षा थोडं मोठं. मी चाटच पडलो. आमच्याकडं तोळ्याच्या शहाण्णव गुंजा, तुमच्या बंगालातल्या मेदिनीपूरकडं भरीचे शहाण्णव रती. मी तीस वर्षं बँकेत आकडेच मोजले, पण हे प्रमाण मला कॅलक्युलेटरवर कळलं होतं, तुम्हाला बोटांत कळलं.

मग मी भीत भीत सांगितलं की या विमानाच्या तारा गोल नव्हत्या. वारा कापत जावा म्हणून त्या चपट्या असत, मधे फुगीर आणि कडांना पातळ, छेद घेतला तर मसुराच्या दाण्यासारखा. हे मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी "कोण बघतंय?" म्हणून उडवून लावलं. तुम्ही म्हणालात, "मग रोलरमधनं काढावी लागंल." जसं काही रोजचंच काम!

तुमचं ते जंतर मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. पोलादी पट्टी, तिला ओळीनं भोकं, प्रत्येक पुढचं भोक मागच्यापेक्षा बारीक. चांदीच्या काडीचं टोक कानशीनं निमुळतं केलंत, मेणावरून फिरवलंत, भोकातून घातलंत आणि पकडीत धरून ओढलंत. एकदम नाही, विहिरीतून भरली घागर ओढावी तसं, एका लयीत. दोन-चार भोकं झाली की तार कडक व्हायची, मग तिचं वेटोळं करून तापवायचं. त्यासाठी तुम्ही खिडकीचा पडदा ओढलात, कारण चांदीचा तो फिकट लाल रंग उजेडात दिसत नाही आणि एक क्षण जास्त झाला की तार वितळून थेंब होतो. त्या अंधारात मला पहिल्यांदा वेटोळं लाल झालेलं दिसलं, आणि लगेच पाण्यात चुर्र झालं. शेवटी रोलरमधून चपटी होऊन आलेली तार हातात घेतली तर बोटाला लागेना, नुसती दिसत होती.

रुळाचं तर मी बोललोही नव्हतो. तुम्हीच खोक्यात वाकून बघितलंत आणि विचारलंत, "हे काय, रेल्वेचा रूळ?" मी सांगितलं, वैमानिक उडता उडता एका हातानं बंदूक यावरून खाली ओढायचा आणि गोळ्यांची चकती बदलायचा. मग उरलेल्या चांदीच्या पट्टीचा तुम्ही बोटानंच बाक काढलात. नकाशा नाही, माप नाही. मी घरी जुन्या फोटोवर धरून बघितला तर बरोब्बर.

चहा आला तेव्हा मी सांगितलं की हे विमान मी कुणासाठी करतोय. इंद्रलाल राय. कलकत्त्यात जन्मलेला. डोळे अधू म्हणून आधी त्याला वैमानिक व्हायला नाकारलं, तर त्यानं मोटारसायकल विकली आणि मोठ्या डॉक्टरकडून डोळे पुन्हा तपासून घेतले, असं सांगतात. १९१८ च्या जुलैत दोन आठवड्यांत शत्रूची दहा विमानं पाडल्याचं त्याच्या नावावर लागलं आणि २२ जुलैला तो फ्रान्सच्या आकाशात मारला गेला. एवढी विमानं पाडणारा आपल्या देशाचा पहिला वैमानिक. टपाल खात्यानं १९९८ मध्ये त्याचं तिकीट काढलं. तुम्ही कप खाली ठेवलात. "राय? आमचा?" आणि मग, "वय काय?" एकोणीस, म्हणालो. तुम्ही काही बोलला नाहीत. पकड उचललीत आणि पुढच्या भोकात तार घातलीत. तुम्ही स्वतः सोळाव्या वर्षी गाव सोडून कोल्हापुरात आलात, हे मला नंतर तुमच्यातल्याच एका पोरानं जिन्यात सांगितलं.

आता एक गोष्ट स्पष्टच लिहितो. निघताना तुम्ही तार वजनकाट्यावर ठेवलीत, पाव ग्रॅमच्या आत भरली. चांदीचे पैसे वेगळे, मजुरी तीनशे. मी दिली, तुम्ही मोजून घेतलीत. घरी बायको म्हणाली, एवढा चांगला माणूस तर फुकट करून द्यायचा ना! तिला मी म्हणालो, फुकट केलं असतं तर मी पुन्हा त्या जिन्यावर चढलो नसतो. फुकट म्हणजे म्हाताऱ्याचा हट्ट पुरवला. तीनशे म्हणजे काम केलं. वर्कशॉपवाल्यानं खांब मोडला तेव्हा त्याला वाटलं खेळणं मोडलं. तुम्ही आमचं काम साजाच्या थाळीशेजारी ठेवलंत, त्याच पाटावर, त्याच उजेडात. अशी माणसं गावात किती असतील कोण जाणे. आमचे आजोबा म्हणायचे, माणूस ओळखायचा असेल तर त्याच्याकडं लहान काम घेऊन जा. मी आजवर हे वाक्य उगाच वापरत आलो होतो.

तारा बसवायला मला नऊ रात्री लागल्या. त्यातल्या खटपटी सांगत बसत नाही, तुमची लेक कंटाळेल. रंगाचं मात्र सांगतो, तुम्हाला आवडेल. या विमानांच्या कापडाला वरून जो रंग देत, त्यात मुख्यतः लोहाची पिवळी माती आणि थोडी काजळी असे. तो हिरवट होता की तपकिरी, यावर आमच्या छंदातली माणसं अजून हातघाईवर येतात. मी मधला मार्ग काढला. शेजारच्या वहिनी खिडकीतून बघून म्हणाल्या, "भाऊजी, शेणानं सारवलंय का?" त्यावर तुमची चांदी अशी उठून दिसते म्हणून सांगू! आत्ता जरा जास्तच चमकते. पण तुम्ही म्हणाला होता तसं, पावसाळ्यात काळवंडेल आणि मग पोलादासारखी दिसेल. वाट बघतो.

मोडलेला खांब मी नवीन केला. जुना टाकला नाही, पेढ्यांच्या खोक्यात आहे.

रविवारी दुपारी विमान घेऊन येतो. चौघांसाठी भडंग आणतो, बायकोनं केलेलं. आणि दादा, पंखा चालू ठेवा. आता त्यातलं काही उडत नाही, सगळं घट्ट बसलंय.

तुमचा,
मंगळवार पेठेतला विमानवाला