नहाणी गुडगुडली की आधी जाळी काढा

संपादक महोदय,

पावसाने जोर धरला की नागपुरात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. संडासात फ्लश केला की शेजारच्या बाथरूमची नहाणी, म्हणजे पाणी जाण्याचे जाळीचे तोंड, गुडगुड करते. त्यावर ठरलेला उपाय म्हणजे अ‍ॅसिडची बाटली आणून ओतणे. त्याने टाइल्सच्या फटीतले सिमेंट खाल्ले जाते, लाईन होती तशीच राहते. आदल्या दिवशी कोणी ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर अ‍ॅसिड पडताच क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

जाळीखालच्या भांड्यात, म्हणजे नहाणी ट्रॅपमध्ये, साधारण 50 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाणी कायम उभे असावे लागते. गडरचा, म्हणजे सांडपाण्याच्या गटाराचा, वास आणि झुरळे त्या पाण्यानेच अडतात. पाइपातून पाण्याचा लोट खाली जाताना त्याच्या मागे हवा लागते. ती गच्चीवरच्या व्हेंट पाइपातून मिळाली तर आवाज होत नाही. तो रस्ता बंद असला की ट्रॅपमधल्या पाण्यातून बुडबुडे काढत हवा ओढली जाते. उलट, पुढे लाईन तुंबली असेल तर पाइपातली हवा दाबली जाऊन त्याच ट्रॅपमधून बाहेर पडते. आवाज दोन्ही वेळा सारखाच. म्हणून जाळी काढा, टॉर्च धरा आणि दुसऱ्याला फ्लश करायला सांगा. ट्रॅपमधले पाणी खाली ओढले गेले तर लाईनला हवा कमी पडते आहे. ते वर उसळले तर पुढे चोक आहे.

चोक असल्यास अंगणातली चेंबर्स, म्हणजे लाईनवरचे झाकणाचे हौद, घराकडून रस्त्याकडे एकेक करून उघडा. पहिलेच रिकामे असेल तर अडथळा घर आणि चेंबरच्या मध्ये आहे. भरलेले असेल तर पुढे चला. शेवटचे भरलेले आणि पहिले रिकामे, या दोघांच्या मधल्या पाइपात चोक सापडतो. रिकाम्या चेंबरमधून मागच्या दिशेने बांबूची पट्टी किंवा स्प्रिंग घातली की काम लवकर होते. फक्त चेंबरमध्ये वाकून तोंड घालू नका, आणि मॅनहोलमध्ये तर कोणालाही उतरवू नका. आतला विषारी वायू माणसाला क्षणात बेशुद्ध करतो. शिवाय सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे हा हाताने मैलासफाईवर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हाही आहे. अडचण अशी की आपल्याकडे अंगणाला पेव्हर बसवताना चेंबरची झाकणेही खाली गाडली जातात. मग चार तासांतले तीन तास चेंबर शोधण्यातच जातात.

ओढ असल्यास गच्चीवर जा. व्हेंटच्या टोकाची जाळीदार टोपी काढून पाहा. कबुतराच्या काड्या सापडणे नेहमीचेच. गच्चीवर टिनाचे शेड टाकताना मध्ये येतो म्हणून पाइप कापून त्यावर एंड कॅप ठोकलेली असते, हा प्रकारही आता सर्रास दिसतो. पाइप मोकळा वाटला तर तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी ठेवा आणि खाली फ्लश करायला लावा. पिशवी आत ओढली गेली तर व्हेंट चालू आहे. कधी दोष गवंड्याच्या हातचा असतो. चार इंची पाइपाला 40 फुटांत एक फूट उतार हवा, म्हणजे दहा फुटांना तीन इंच. तो कमी पडला की पाणी निघून जाते आणि घाण खाली बसते. एका ट्रॅपच्या पुढे दुसरा ट्रॅप जोडला तर मधली हवा कोंडते आणि नवी कोरी लाईनही गुडगुडते.

मे महिन्यात फक्त वास येत असेल, आवाज नसेल, तर बहुधा वापरात नसलेल्या बाथरूमचा ट्रॅप सुकलेला असतो. दर आठवड्याला एक तांब्या पाणी पुरते. पाणी लवकर जावे म्हणून ट्रॅपमधली पाणी अडवून ठेवणारी वाटी काढून फेकणाऱ्यांनी मात्र ती परत बसवावी.

आता पावसाचे. पुष्कळ घरांत गच्चीचा पाइप सरळ गडर लाईनला जोडलेला असतो. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे 2,360 लिटर पाणी होते. माणशी 135 लिटर पुरवठा आणि त्यातले 80 टक्के सांडपाणी धरले तर पाच जणांच्या घराचे दिवसाचे 540 लिटर होते. म्हणजे चार दिवसांहून जास्त सांडपाण्याइतका लोंढा आपण तासाभरात लाईनमध्ये ढकलतो. मग ती उलटी फिरली की महापालिकेला बोल लावतो! गच्चीचे पाणी शोषखड्ड्यात किंवा पावसाळी नालीत सोडले पाहिजे.

महापालिकेला बोल लावण्याजोगी एक गोष्ट मात्र आहे. सिमेंटचे रस्ते झाले आणि शहरातली कितीतरी घरे रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली गेली. लाईन तुंबली की पाणी सर्वांत खालच्या तोंडातून बाहेर येते. रस्त्यावरच्या मॅनहोलचे झाकण तुमच्या नहाणीच्या जाळीपेक्षा उंच असेल तर ते तोंड तुमच्या बाथरूममध्ये आहे. गवंड्याच्या लेव्हल पाइपाने दहा मिनिटांत हे मोजता येते. तसे निघाल्यास आवारातल्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारी झडप, बसवा आणि मृग लागण्याआधी त्याची झडप धुऊन घ्या. झडपेत एक चिंधी अडकली तरी ती उघडीच राहते. झडप मिटली की घरातले पाणीही बाहेर जात नाही, तेव्हा धो-धो पावसात वॉशिंग मशीन लावू नये. नवे रस्ते करताना महापालिकेने बाजूच्या घरांच्या जोत्याची पातळी आधी मोजावी, एवढी तरी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

झोन कार्यालयात तक्रार करताना ‘आमची गडर चोक आहे’ एवढेच लिहू नका. घरासमोरचे मॅनहोल भरले आहे का, त्याच्या पुढचे रिकामे आहे का, हे पाहून लिहा. जोरदार पाण्याने लाईन साफ करणाऱ्या जेटिंग मशीनची गाडी मग गल्लीत चकरा न मारता थेट त्या झाकणावर येऊन उभी राहते.

— प्लंबिंगच्या कामातला एक वाचक, नागपूर