आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : अहवालातील आडवी रेघ

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

पाच महिन्यांपूर्वी केलेल्या माझ्या तक्रारीला आपल्या कार्यालयाकडून गेल्या आठवड्यात उत्तर आले, त्याबद्दल आभार. त्या पत्रात असे म्हटले आहे की, संबंधित रुग्णालयातील सोनोग्राफी यंत्र कार्यरत असल्यामुळे तक्रारीत तथ्य आढळून येत नाही, सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे. महोदय, यंत्र बंद आहे अशी तक्रार मी केलीच नव्हती. यंत्र उत्तम चालत होते. माझी तक्रार माझ्या अहवालातील एका रिकाम्या जागेविषयी होती, आणि ती वाचण्याचे कष्ट कोणी घेतलेले दिसत नाहीत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

विसाव्या आठवड्यात माझी सोनोग्राफी झाली. छापील अहवालाच्या तिसऱ्या ओळीत वारेची (प्लासेंटाची) जागा 'पुढच्या भिंतीवर, खाली' अशी नोंदवलेली आहे. चौथ्या ओळीत 'गर्भाशयमुखापासून अंतर, मि.मी.' असे छापले असून त्यापुढे आकड्याऐवजी पेनाने एक आडवी रेघ मारली आहे. ती इतकी ठामपणे मारली आहे की कागदाच्या मागच्या बाजूला हाताला लागते. या रेघेवरून मी गेले वर्षभर कितीदा बोट फिरवले असेल, ते सांगता येणार नाही.

तो आकडा म्हणजे काय, हे कदाचित आपल्याला कोणी सांगितले नसेल. वारेची कड गर्भाशयमुखापासून २० मि.मी.पेक्षा जवळ असेल तर वार खाली आहे असे म्हणतात, आणि ती मुखावरच पसरलेली असेल तर तो प्लासेंटा प्रीव्हिया. पोटावरून पाहताना हे अंतर नीट कळेलच असे नाही, कारण भरलेल्या लघवीच्या पिशवीचा दाब पडून वार आहे त्याहून खाली भासू शकते, आणि वार मागच्या भिंतीवर असली तर बाळाचे डोके आड येते. (मला मात्र दोन तास पाणी पिऊन बसवले होते.) अशा वेळी योनीमार्गातून सोनोग्राफी करतात आणि कड मोजतात. त्याने रक्तस्राव होईल अशी भीती अजूनही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो प्रोब, म्हणजे आत घालायची तपासणीची दांडी, गर्भाशयमुखात जात नाही, अलीकडेच थांबतो. वार खाली असताना धोका असतो तो बोटांनी केलेल्या आतील तपासणीचा.

त्या खोलीत योनीमार्गाचा प्रोब होता. तो खोक्यातच होता, कारण त्यावर चढवायची आवरणे संपली होती आणि मागणीपत्र वर गेलेले होते. यंत्राच्या एका चाकात मात्र आपल्या हस्ते कापलेल्या फितीचा लाल तुकडा अजून गुंतलेला होता. त्याच उद्घाटनाच्या भाषणात आपण सहा महिन्यांत प्रत्येक गर्भवतीच्या वारेची तपासणी तज्ज्ञाकडून होईल असे सांगितले होते. तज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस येत आणि त्या दिवशी बाहेर रांग लागलेली असे. माझ्या वाट्याला चार मिनिटे आली. पुन्हा कधी येऊ, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की, बहुतेकींची वार आपोआप वर सरकते, काळजी करू नका.

हे खोटे नव्हते. विसाव्या आठवड्यात खाली दिसणारी वार दहापैकी नऊ जणींमध्ये प्रसूतीपर्यंत वर गेलेली असते, कारण गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जातो. परंतु माझी आधीची दोन सिझेरियन होती, ती माझ्या कागदांवर लाल शाईत लिहिलेली होती, आणि वार पुढच्या भिंतीवर, नेमकी जुन्या टाक्यांच्या बाजूला होती. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात प्लासेंटा प्रीव्हिया असलेल्या स्त्रियांमध्ये वार गर्भाशयाच्या भिंतीत रुतून बसण्याचे प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी शेकडा ३, दुसऱ्या वेळी ११ आणि तिसऱ्या वेळी ४० आढळले. माझे ते तिसरे होते. हे आकडे मी नंतर रुग्णालयाच्या खाटेवर पडून मोबाइलवर वाचले आहेत. मांडण्यात माझी चूक झाली असेल तर आपल्या तज्ज्ञांनी दुरुस्त करावी, निदान त्या निमित्ताने तरी ते कोणीतरी वाचेल.

बत्तिसाव्या आठवड्यात मी पुन्हा तपासायला हवे होते. कोणी बोलावले नाही, आणि काळजी करू नका असे सांगितल्यावर मी काळजी केली नाही, हा माझा गुन्हा. तेहेतिसाव्या आठवड्यात मध्यरात्री जाग आली ती ओल्या चादरीने. पोटात कळ नव्हती, दुखत काहीच नव्हते, फक्त लालभडक रक्त होते आणि ते थांबत नव्हते. दुसऱ्या, मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत अडीच तास गेले. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी कलर डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारी सोनोग्राफी, लावले, क्षणभर थांबल्या आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाल्या की, वार आणि गर्भाशयाची भिंत यांच्यामध्ये एक काळसर रेषा दिसायला हवी, ती इथे पुसली गेली आहे. वारेत कसर लागलेल्या कापडासारखी वेडीवाकडी भोके होती आणि लाल-निळे रक्तप्रवाह थेट लघवीच्या पिशवीपर्यंत पोहोचले होते. मी आयुष्यात पाहिलेले सर्वात रंगीत चित्र ते आहे. त्यानंतरचे मला आठवत नाही. अकरा पिशव्या रक्त लागले, त्यातल्या चार पहाटे दुसरीकडून आणाव्या लागल्या. गर्भाशय काढावे लागले आणि लघवीच्या पिशवीला पडलेले छिद्र शिवावे लागले. मुलगी तेवीस दिवस काचेच्या पेटीत होती आणि पहिले नऊ दिवस मी तिला पाहिले नाही.

आपले अधिकारी म्हणतील की, सोनोग्राफीने रुतलेली वार सुटली नसती. मान्य आहे. निदानाने वार सुटत नाही, पण निदान झालेल्या बाईची शस्त्रक्रिया साधारण चौतीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान ठरवून, दिवसाउजेडी होते, रक्त आधी तयार असते, मूत्रशल्यचिकित्सक दाराबाहेर शोधावा लागत नाही, आणि वार ओढून काढण्याची चूक कोणी करत नाही. गर्भाशय कदाचित तेव्हाही गेले असते. पण मग मला ते आधी कळले असते, आणि सहीचा कागद मी शुद्धीत वाचला असता.

माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचे पोट दगडासारखे कडक झाले होते. आदल्या दिवशी तिला सोनोग्राफी नॉर्मल आहे म्हणून घरी पाठवले होते. वार वेळेआधी सुटणे हे सोनोग्राफीत निम्म्याहून अधिक वेळा दिसतच नाही, तिथे लक्षणांवर विश्वास ठेवायचा असतो. तिचे बाळ गेले. म्हणजे एकीकडे यंत्र जे सांगू शकत होते ते कोणी विचारले नाही, आणि दुसरीकडे यंत्राला जे दिसत नाही त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. आपल्या खात्याला मात्र दोन्ही ठिकाणी यंत्र कार्यरत आढळेल.

इयन डोनाल्ड या प्रसूतितज्ज्ञांनी ग्लासगोत ध्वनिलहरींनी पोटाच्या आत पाहता येते हे १९५८ साली जगाला दाखवले, आणि १९६८ साली त्यांनीच वारेची जागा याच पद्धतीने शोधण्याविषयी लिहिले. त्याला अर्धशतक उलटले. इतक्या वर्षांत आपल्या व्यवस्थेने काय शिकून घेतले, तर यंत्रे मोजायला. किती खरेदी केली, किती बसवली, किती तपासण्या झाल्या, याचे तक्ते आपल्याकडे असतील आणि माझी चार मिनिटेही त्यात एक तपासणी म्हणून जमा झालेली असतील. आवरणांचा डबा कोणत्याच तक्त्यात बसत नाही, कारण त्याचे उद्घाटन करता येत नाही. तज्ज्ञाची बदली होते, त्याची जागा भरत नाही, चौकशी ज्याच्याविरुद्ध तोच करतो आणि अहवाल वर पाठवतो, वरचा तो जसाच्या तसा खाली पाठवतो, आणि नागरिकाला मिळते एक जावक क्रमांक. मीही आता आपल्या दप्तरी एक जावक क्रमांक आहे.

मला भरपाई नको, ती आपण देऊही शकणार नाही. अंतराचा आकडा भरल्याशिवाय कोणताही अहवाल पूर्ण समजला जाऊ नये, एवढा एक आदेश काढावा. जिचे आधी सिझेरियन झाले आहे आणि वार खाली आहे, तिला बत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा बोलावण्याची जबाबदारी तिच्यावर न टाकता रुग्णालयावर टाकावी, आणि वार रुतल्याची शंका आली तर तिला त्याच आठवड्यात मोठ्या रुग्णालयात पाठवावे. तिथे गरज वाटली तर एमआरआय करतील, विशेषतः वार मागे असेल तेव्हा. प्रत्येक रुग्णालयाला एमआरआय यंत्र द्या असे मी म्हणत नाही, नाहीतर आपण उद्या त्याचीही फीत कापाल. आणि तो आवरणांचा डबा पाठवावा.

अहवालाची प्रत पुन्हा एकदा सोबत जोडली आहे. या वेळी यंत्राची चौकशी करू नये. चौथी ओळ पाहावी.

आपली,
एक नागरिक, तीन मुलांची आई